नानांच्या मानेतला फाटा

प्रश्न : आमच्या वडिलांचं वय ७१. चक्कर येते म्हणून गळ्याचा डॉपलर केला, तर उजव्या बाजूची रक्तवाहिनी जिथे दुभंगते नेमका तिथेच चरबीचा थर निघाला. अडथळा फार नाही, गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘नदीच्या वळणावर गाळ साचतो, तसं समजा.’ पण कोलेस्टेरॉल तर सगळ्या रक्तात सारखंच असणार. मग थर फाट्यावरच का? शिवाय माझी मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, कोलेस्टेरॉल प्रत्येक पेशीच्या पटलात असतंच, त्याच्याशिवाय पेशीचं चालत नाही. मग रिपोर्टातलं कोलेस्टेरॉल आणि पेशीतलं कोलेस्टेरॉल एकच का? नाना रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : कऱ्हाडच्या माणसाने प्रवाहाबद्दल विचारावं आणि मी पुण्यात बसून उत्तर द्यावं, हा तसा आगाऊपणाच. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते तुम्ही लहानपणापासून बघता आहात. मानेत याच्या बरोबर उलटं होतं. एक धमनी वर येते आणि जबड्याच्या थोडं खाली तिच्या दोन होतात. एक मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. मेंदूकडे जाणारी सुरुवातीलाच जराशी फुगीर असते. नानांचा थर बहुधा त्या फुगीर भागाच्या बाहेरच्या भिंतीवर असेल. रिपोर्ट न बघता सांगते आहे, कारण थर बहुतेकांच्या मानेत तिथेच सापडतो.

गाळाची उपमा खोटी नाही, अर्धी आहे. संथ पाण्यात गाळ बसतो हे खरंच. पण घाटाच्या पायरीवर गाळ बसला काय आणि वाहून गेला काय, पायरीला त्याचं काही नसतं. रक्तवाहिनीची भिंत तशी नाही. तिला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच थराचं, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. एंडोथेलियम म्हणतात त्याला. वाहतं रक्त या पेशींना सतत घासून जातं आणि त्या घासण्यावरून काय करायचं ते पेशी ठरवतात. इंजिनियर मंडळी या घासण्याला शिअर स्ट्रेस म्हणतात. मी माझ्यापुरता ‘घसट’ हा शब्द ठेवला आहे. मराठीत घसट म्हणजे जवळिकीची ये-जाही असते, आणि रक्ताचं या पेशींशी नातं तसंच आहे.

ही घसट असते केवढी? सरळ, निरोगी धमनीत साधारण १ ते २ पास्कल. झेरॉक्सचे साधे, ७५ जीएसएमचे दोन कागद टेबलावर एकावर एक ठेवा. टेबलावर जेवढा भार पडेल तेवढीच ही घसट, फक्त खाली दाबणारी नव्हे, आडवी ओढणारी. रक्तदाब याच्या आठ-दहा हजार पट असतो. तो दाब सोसत बसलेल्या पेशीला दोन कागदांची आडवी ओढ वेगळी कळते, याचं मला आजही नवल वाटतं. नानांच्या त्या फुगीर कोपऱ्यात ही ओढ अर्ध्या कागदाइतकीही नसते, आणि तीसुद्धा हृदयाच्या ठोक्यागणिक पुढे-मागे होते.

एकेकाळी तज्ज्ञांचं मत उलटं होतं. अमेरिकेत डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये दाखवलं की घसट फारच वाढली तर अस्तर खरवडून निघतं. मग आजारही जोराच्या धारेनेच होत असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले कॉलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी म्हणाले, नाही, थर दिसतात ते घसट कमी असते तिथे. कॅरोंचंच खरं ठरलं. खरं सांगायचं तर अस्तराला काही अक्कल आहे हेच तेव्हा कोणी धरत नव्हतं. आतून लावलेला कागद, एवढीच त्याची किंमत. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवून दिलं की अस्तर शाबूत असेल तर औषधाने पट्टी सैलावते आणि अस्तर खरवडलेलं असेल तर तेच औषध तिला आवळतं. ही गोष्ट हाती लागली ती सहायकाने सांगितल्याप्रमाणे प्रयोग न केल्यामुळे. अस्तरातून निघणारा तो सैलावणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, आणि त्याबद्दल १९९८ चं नोबेल. चांगली घसट मिळाली की अस्तर हाच वायू सोडतं, वाहिनी सैल राहते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. घसट मंद, उलटसुलट झाली की वायू कमी होतो, चिकटपणा वाढतो आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण अस्तराखाली शिरून अडकतात. म्हणून फाटा.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. त्यासाठी मला थोडं मागे जावं लागेल.

नव्वदच्या दशकात मी अशा पेशी वाढवायचे. माणसाच्या अस्तराच्या पेशी मिळवायच्या तर सोपी जागा एकच, बाळाची नाळ. तिच्यात दोन धमन्या आणि एक रुंद शीर. त्या शिरेत नळी घालून मिठाच्या पाण्याने आतलं रक्त धुवायचं, मग कोलॅजनेज नावाचं विकर भरून दोन्ही टोकं चिमट्यांनी बंद करायची आणि दहा-पंधरा मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचं. मग नाळ बोटांनी हलके चोळून आतलं पाणी काढून घ्यायचं. त्या गढूळ पाण्यात अस्तर उतरलेलं असतं. एका प्रसूतिगृहात बर्फाचा डबा घेऊन मी आठवड्यातून दोनदा हजर. तिथल्या आयाबाई लांबूनच ओरडायच्या, ‘नाळवाल्या बाई आल्या गं!’ एकदा एका आजीबाईंनी सही झालेला कागद बाजूला सारून नाळ परत मागितली. म्हणाल्या, ‘गावी नेऊन पुरायची आहे. नाहीतर पोराची ओढ राहील तुमच्या बाटलीत.’ दिली परत. त्या आठवड्याचा प्रयोग बुडाला, पण ‘तिथे काय नाळ पुरली आहे का?’ असं आपण उगाच विचारत नाही, हे तेव्हा कळलं.

पेशी ताटलीत चार-पाच दिवसांत दाटीने पसरतात. वरून बघितलं तर फरसबंदी, प्रत्येक फरशी वेगळ्या कोनात. मग त्यांच्यावरून पंपाने द्रव सोडायचा आणि रात्रभर वाहता ठेवायचा. सकाळी डोळा लावला की सगळ्या पेशी लांबट होऊन धारेच्या दिशेने आडव्या झालेल्या, पंढरीच्या वाटेवर दिंडी निघावी तशा. नानांच्या मानेतही सरळ भागातल्या पेशी अशाच लांबट असतात आणि फाट्याच्या कोपऱ्यातल्या मात्र त्या फरसबंदीसारख्या, कोणाचं तोंड कुठेही.

यांना घसट कळते कशाने? यावर आमच्यात बरीच वर्षं भांडणं झाली. कोणी म्हणे पटलातली आयनांची दारं, कोणी म्हणे पेशी-पेशींना जोडणारे सांधे, कोणी म्हणे पेशीच्या अंगावरची शर्करेची लव. २०१० मध्ये पिएझो१ नावाचं दार सापडलं, ते शोधणाऱ्या पाटापौटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि रक्तवाहिन्यांतही ते काम करतं हे दिसलं. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं निघालं. पण एक गोष्ट सगळ्यांना समान होती. हे सगळे ज्यात रोवलेले आहेत ते पटल.

पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर, शेपट्या एकमेकांकडे. त्या शेपट्या सारख्या हलत असतात, गर्दीच्या लोकलमध्ये उभी माणसं डुलतात तशा. कोलेस्टेरॉल म्हणजे डब्यातला लोखंडी खांब. त्याच्या चार कड्यांचा भाग ताठ असतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचे डुलणारे सरळ उभे राहतात आणि दाटीने बसतात. फरक एवढाच की हे खांबही जागा बदलतात, आणि संख्येने चिकार असतात. पेशीच्या बाहेरच्या पटलात दर शंभर स्निग्ध रेणूंमागे तीस-चाळीस कोलेस्टेरॉलचे असू शकतात. तेव्हा तुमची मुलगी शंभर टक्के बरोबर. काही ठिकाणी पटल आत वळून सुरईसारखे खळगे होतात, ५० ते १०० नॅनोमीटरचे. जॉर्ज पलाडे यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून १९५३ मध्ये पाहिले. अस्तराच्या पेशींत त्यांचा सुकाळ असतो आणि तिथे कोलेस्टेरॉल जास्तच दाटलेलं असतं. ते काढून घेतलं की खळगे सपाट होतात.

१९९८ साली मी हेच काढून घेऊन बघायचं ठरवलं. सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची एक साखर असते, पेल्यासारख्या आकाराची. ती पटलातलं कोलेस्टेरॉल आपल्या पोटात घेऊन निघून जाते. मी हात सैल सोडला, वेळही जास्त दिला. पंप सुरू केला आणि पेशी काचेवरून अशा सुटल्या की खालच्या बाटलीत भाताच्या पेजेसारखं पाणी. चार दिवसांची मेहनत, दोन नाळा, सगळं बाटलीत. माझे मार्गदर्शक म्हणाले, ‘आमटीत मीठ नाही म्हणून तू पातेलंच उपडं केलंस.’ पुढच्या खेपेला मात्रा कमी केली. पेशी टिकल्या, पण दोन कागदांची घसट देऊनही त्यांच्यातली कॅल्शियमची चमक, घसट कळल्याची खूण, एरवी काही सेकंदांत उठणारी, जेमतेम दिसली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. नोंदवही मिटली आणि दुसऱ्या कामाला लागले. त्याची थोडी रुखरुख आहे.

खरी गंमत पुढे जपानमध्ये उलगडली. टोकियो विद्यापीठातल्या किमिको यामामोतो आणि त्यांचे सहकारी जोजी आन्दो यांनी लॉर्डन नावाचा रंग पटलात सोडला. पटल घट्ट असेल तर हा रंग निळसर चमकतो, सैल असेल तर हिरव्याकडे झुकतो. माणसाच्या फुप्फुसधमनीच्या पेशींवर त्यांनी घसट दिली तर पटल लगेच सैल झालं, आणि घसट जितकी जास्त तितकं जास्त सैल. यावर कोणीही म्हणेल, पेशीने काहीतरी केलं असेल. म्हणून त्यांनी नुसत्या चरबीचे फुगे घेतले. त्यात प्रथिनं नाहीत, दारं नाहीत, जिवंत असं काहीच नाही. त्यांच्यावरून द्रव सोडला तर तेही सैलावले! २०१३ चं हे काम. मी ते वाचलं तेव्हा स्वयंपाक गॅसवर होता आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. म्हणजे घसट कळायची सुरुवात साध्या भौतिकीतच आहे, पटल स्वतःच जाणतं. आणि पेशींना वरून जादा कोलेस्टेरॉल दिलं तेव्हा? पटल सैलावलंच नाही, आणि घसट कळल्यावर पेशी शेजारणींना एटीपी (एरवी पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) सोडून जो निरोप देते तो निरोपही फार क्षीण झाला. दोन वर्षांनी त्यांनी असंही दाखवलं की पेशी ताणली तर पटल उलट घट्ट होतं. घसटीने सैल, ताणाने घट्ट. रक्तदाबाचा ताण आणि रक्ताची घसट पेशीला वेगवेगळी कशी कळते, याचं इतकं साधं उत्तर असेल असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नव्हतं.

२०२० मध्ये आणखी एक पाऊल. घसट दिल्याबरोबर बाहेरच्या पटलातलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि त्याचा परिणाम म्हणून आतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रं, जास्त एटीपी बनवायला लागतात. पटलात कोलेस्टेरॉल भरून ठेवलं तर हेही होत नाही. आता फाट्याकडे वळा. माझा अंदाज असा की कोपऱ्यातल्या पेशींना घसट कमी, म्हणून पटल सैलावायचंही कमी, म्हणून निरोप अर्धवट. ताटलीतल्या पेशी म्हणजे नानांची मान नव्हे, हे मला कळतं. पण तर्काची दिशा ही आहे.

कमी म्हणजे चांगलं असंही धरू नका. अमेरिकेत इरेना लेव्हितन यांच्या गटाने गाईच्या महाधमनीतल्या पेशींमधलं कोलेस्टेरॉल काढलं, तर पेशी मऊ होण्याऐवजी कडक झाल्या. आतला सांगाडा पटलाला जास्त घट्ट ओढायला लागला. त्याच गटाने घसटीला उघडणारं पोटॅशियमचं एक दारही पाहिलं, ते कोलेस्टेरॉल वाढलं की दबून जातं, आणि रक्तात कोलेस्टेरॉल चढलेल्या उंदरांच्या वाहिन्या धार वाढली तरी पुरेशा सैलावत नाहीत. म्हणजे मिठाचीच गोष्ट. माझ्या मार्गदर्शकांना पातेल्याचं कळत होतं.

राहिला रिपोर्ट. रेणू एकच आहे, हिशोब वेगळा. रिपोर्टात दिसतं ते रक्तातून कणांमध्ये बसून प्रवास करणारं. पटलातलं कोलेस्टेरॉल पेशी काही स्वतः बनवते, काही त्या कणांतून, त्यांच्यासाठीच्या वेगळ्या दारांनी, आत घेते, आणि पुरेसं झालं की दारंच कमी करते. डॅलसमधल्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं, १९८५ चं नोबेल त्याचंच. त्यामुळे रिपोर्टातला आकडा बघून पटलात किती हे सांगता येत नाही. मात्र आकडा वर्षानुवर्षं चढा राहिला तर अस्तराखाली अडकणाऱ्या कणांची संख्या वाढते, आणि वर सांगितलेल्या उंदरांसारखं अस्तराचं जाणणंही बोथट होत जातं. नानांना एवढंच सांगा : रक्त सगळीकडे सारखं आहे, घसट नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं आहे की कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने पेशींच्या पटलातलं कोलेस्टेरॉल निघून जातं आणि पेशी फुटतात. मिस्टरांनी गोळी बंद केली आहे. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिलं काम, ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन. दुसरं, मेसेज पुसून टाका. पेशी फोडायचं काम मी सायक्लोडेक्स्ट्रिनने केलं होतं, काचेच्या ताटलीत, बेताल मात्रेने. गोळी तसं काही करत नाही. ती मुख्यतः यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत दारं वाढवून रक्तातले एलडीएलचे कण ओढून घेतं. पेशी आपला वाटा राखून असतात. स्नायू दुखणं वगैरे तक्रार असेल तर ती खरी असू शकते, तीही डॉक्टरांनाच सांगा. आणि मिस्टरांना औषधाची भीती वाटत असेल तर त्याचं मूळ सांगून बघा. अकिरा एन्डो यांनी टोकियोत सहा हजारांवर बुरशा तपासल्या, आणि १९७३ मध्ये हाती लागलेला पदार्थ क्योतोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर उगवलेल्या निळसर-हिरव्या बुरशीतला होता.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. फाट्यावर प्रवाह उलटा फिरतो हे मुलांना दाखवता येईल का? आमच्याकडे फक्त साधा सूक्ष्मदर्शक आहे.
— एक शिक्षक, भोर

उत्तर : सूक्ष्मदर्शक कपाटातच राहू द्या, मुलांना शेतात न्या. पाटाला एक फाटा काढा, आणि एका फाट्याचं तोंड सुरुवातीला बाहेरच्या बाजूने हातभर कोरून रुंद करा, पुढे पुन्हा निमुळतं. पाणी संथ सोडा, गढूळ नको. वरून मूठभर भाताचा कोंडा हळूहळू सोडा, एकदम नाही, नाहीतर त्याचा तवंग होतो. बहुतेक कोंडा मधल्या दुभाजकाला घासून सरळ निघून जाईल. कोरलेल्या कोपऱ्यात मात्र चार-सहा कण अडतील, मागे येतील, गोल फिरतील, पुन्हा मागे येतील. पाणी फळीने ठोक्याठोक्याने अडवून-सोडून बघा, ते आणखी मागे जातात. मुलांना तिथे बोट बुडवायला सांगा, एकदा दुभाजकापाशी, एकदा कोपऱ्यात. ओढ कुठे किती लागते ते त्यांचं त्यांना कळेल. पाट ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा आणि जाताना तोंड बुजवून या.